तीन बाटल्यांत बरा झालेला माणूस

स्केलविकला पेपर यायचा गुरुवारी, आणि आमच्याकडे तो मागून पुढे वाचायची पद्धत. पहिल्या पानावर लंडनचे मंत्री एकमेकांना काय काय बोलले ते असे, आणि लंडनचे मंत्री काही आमच्या होड्या ओढायला येणार नव्हते. शेवटच्या पानावर मात्र औषधं असत. गोळ्या, अर्क, मलमं, कमरेला बांधायचे विजेचे पट्टे, टकलावर रान माजवणारं तेल, आणि प्रत्येकाखाली कुणी ना कुणी बरा झालेला माणूस, नाव-गाव-पत्त्यासकट. समुद्राच्या वाऱ्यात राहणाऱ्या माणसाला कुठे ना कुठे कळ असतेच. त्यामुळे ते पान सगळं गाव बायबलपेक्षा मन लावून वाचायचं, आणि हे पाद्रीबुवांनाही ठाऊक होतं, कारण तेही वाचायचे.

म्हातारी जेमायमा स्टॉर तर भिंग लावून वाचायची. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तरी हट्ट असा की दुसऱ्या कुणी वाचून दाखवायचं नाही. त्या गुरुवारी ती खिडकीशी बसली होती, आणि तिची सून केझाया जमिनीवर बसून शिंपल्यांतलं मांस काढून गळांना लावत होती. नवरा समुद्रात बुडाल्यापासून ती दुसऱ्यांच्या होड्यांसाठी हे काम करायची.

"केझाया, इकडे ये."

"हात बरबटलेत, आई."

"बरबटू देत. ये म्हणते ना."

केझाया उठली. म्हातारीने पानाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं. तिथे एका माणसाचं चित्र होतं, लाकडी ठशाने छापलेलं, काळ्या रेघारेघांचं. भरघोस दाढी, मधोमध भांग, कोटाची ताठ कॉलर, डावी भुवई जराशी वर. खाली मजकूर होता:

'डॉक्टर पेनिफोल्ड यांचा यकृत-संजीवन अर्क! ऑल्डरफर्ड येथील टॅनरी लेनचे रहिवासी श्री. जोसाया हिबर्ट लिहितात: कित्येक वर्षे मी जिवंत असून मेल्यासारखा होतो. मी कोण, कोठून आलो, माझे नाव काय, याचीही मला शुद्ध नव्हती. तीन बाटल्यांत मी नवा माणूस झालो! माझे नाव व चित्र आपण खुशाल छापावे.'

"रूबेन," म्हातारी म्हणाली.

केझायाने पाहिलं. पुन्हा पाहिलं. ती भुवई. मासळीचा भाव ठरवताना रूबेन अशीच भुवई चढवायचा.

"हो," ती म्हणाली. "रूबेनच आहेत."

एवढं बोलून ती परत खाली बसली आणि तिने पुढचा शिंपला उचलला. तुम्ही म्हणाल, ही कसली बाई? सात वर्षांपूर्वी बुडालेला नवरा पेपरात दिसतो आणि हिचं आपलं शिंपले सोलणं चालू! पण ती तशीच होती. म्हणजे तशी झाली होती. रूबेन ज्या दिवशी गेला त्या दिवशी दुपारपर्यंत समुद्र तेलासारखा शांत होता. मग वादळ आलं. तीन दिवसांनी होडी सापडली, पालथी. माणूस सापडला नाही. गावातल्या बायका तिला रडवायला आल्या, कारण रडणं अडलं की छातीत बसतं असं त्यांचं मत. केझायाने त्यांना चहा करून दिला. त्या निमूटपणे चहा प्यायल्या आणि गेल्या. पुढे कधीतरी रडू येईल म्हणून तीही वाट पाहत राहिली, आणि मग वाट पाहायचंही विसरली. जेवायची, झोपायची, काम करायची. कुणी विनोद केला की योग्य जागी हसायची. आत मात्र बधिर दाढेसारखं, जीभ लावली तरी कळत नाही.

आणि आता तर तिचं लग्न ठरलं होतं. एनॉक ट्रॅटल्स नावाचा गावातला माणूस, मासळीची पिंपं बनवणारा, बायको वारलेली, बोलायला कमी आणि हाताला सरळ. त्याने विचारलं, तिने हो म्हटलं. तिला तो आवडत होता का, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. त्याच्या दुकानात ताज्या लाकडाच्या वासात ती कामापेक्षा जरा जास्त वेळ उभी राहायची, एवढंच. पण सात वर्षांत कुठेही जास्त वेळ उभं राहावंसं वाटलेलं ते पहिलंच ठिकाण. नवऱ्याचा सात वर्षं ठावठिकाणा नसला की बाईला दुसरं लग्न करता येतं, म्हणून पाद्रीबुवांनी चर्चमध्ये पुकारा सुरू केला होता. लागोपाठ तीन रविवार पुकारायचं, या लग्नाला कुणाची हरकत असेल तर आत्ताच उठून सांगा. दोन रविवार झाले होते. तिसरा येत्या रविवारी.

म्हातारीने भिंग खाली ठेवलं. "लाकूड लागलं असणार डोक्याला. होडी उलटताना. मग कुठल्यातरी जहाजाने उचललं, कुठल्यातरी बंदरात टाकलं. नाव विचारलं तर याला आठवेना. लिहिलंय की नाही त्यात?"

"लिहिलंय."

"मग कुणीतरी हिबर्ट म्हणायला लागलं, हा झाला हिबर्ट. आता अर्काने हळूहळू येतंय ध्यानात. तीनच बाटल्या झाल्यात अजून." तिने श्वास घेतला. "नवरा जिवंत असताना दुसरा करणार आहेस तू?"

"मी काही म्हटलं का, आई?"

"तू कधी काही म्हणतेस? तेच तर मेलं कळत नाही. पण मी म्हणणार. रविवारी पाद्री विचारील ना, हरकत आहे का, तर मी उठणार. सगळ्या गावासमोर हे पान वर धरून उठणार, सांगून ठेवते."

संध्याकाळपर्यंत ते पान गल्लीभर फिरून आलं. पलीकडची हन्ना क्रो म्हणाली, नाक तर हुबेहूब त्याचंच. तिचा नवरा म्हणाला, नाकाचं सोड, कपाळ बघ. एकाने सांगितलं की आपल्याला पहिल्यापासून वाटतच होतं. कुणाच्याही घरात रूबेनचा फोटो नव्हता. फोटोला पैसे पडतात, आणि आपलं थोबाड आपल्याला कशाला हवं, असं तो म्हणायचा. पण बायको हो म्हणते, आई हो म्हणते, त्यावर गल्लीने काय बोलायचं?

दुकानदार पर्डम तर हर्षाने फुलून गेला. डॉक्टर पेनिफोल्डचा अर्क त्याच्याच फळीवर धूळ खात पडला होता. "बुडालेला माणूस वर काढला या औषधाने," तो येईल त्याला सांगू लागला. "आता तुमचं यकृत म्हणजे काय चीज?" म्हातारीने एक बाटली घेतली. मुलगा घेतो तेच आपणही घ्यावं, असं तिचं म्हणणं. अर्कात निम्मी दारू होती हे नुसत्या वासावरून कळत होतं, पण म्हातारी चर्चची, दारूला न शिवणारी. दोन चमचे पोटात गेल्यावर तिचे गाल लाल झाले, आणि ती कितीतरी वर्षांनी गुणगुणायला लागली.

शुक्रवारी एनॉक आला. टोपी हातात धरून त्याने चित्र बराच वेळ पाहिलं.

"मी त्यांना तसा फारसा ओळखत नव्हतो," तो म्हणाला. "एकदा दोन पिंपं नेली होती माझ्याकडून. दाढी होती, एवढं आठवतं."

"मी उद्या जाऊन येते ऑल्डरफर्डला," केझाया म्हणाली. "पहाटे भाजीची गाडी स्टेशनपर्यंत जाते. संध्याकाळी परत येईन."

"मी येऊ बरोबर?"

"नको. ते असले तर बरं नाही दिसणार."

"हं." त्याने टोपी गोल फिरवली. "असले, तर घेऊन या त्यांना. त्यांचं घर आहे."

"आणि तुम्ही?"

"मी काय, पिंपं करीन."

तो गेल्यावर केझायाला वाटलं, आपल्याला आता वाईट वाटायला हवं. तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग चूल साफ करायला घेतली.

आगगाडीत ती खिडकीशी बसली होती. मांडीवर रुमाल, त्यात पाव, त्याला लावलेली डुकराची चरबी, आणि घडी घातलेलं ते पान. रूबेन दारात उभा राहिला तर काय बोलायचं, हे तिने मनात बोलून बघितलं. 'कसे आहात?' हे चालण्यासारखं होतं. 'आई बऱ्या आहेत.' हेही. पुढे काही सुचेना. आपल्याला तो तिथे असायला हवाय की नसायला, हा प्रश्न तिने स्वतःला सरळ विचारला, आणि उत्तर आलं नाही. उत्तर न आल्याचंही तिला काही वाटलं नाही. तिने पाव खाऊन टाकला.

टॅनरी लेन नाकाला रुमाल लावूनच चालायची गल्ली. चामड्याचा असा भपकारा की डोळ्यांत पाणी यावं. हिबर्टचं घर विचारायला लागलं नाही, तिला पाहताच एका बाईने कमरेवर हात ठेवून हाक दिली, "दाढीवाला का? ते हिरवं दार!" आणि दोन-तीन खिडक्यांतून हसण्याचा आवाज आला.

दार तिने वाजवायच्या आतच उघडलं. समोर बुटका, गोलमटोल, तुळतुळीत टकलाचा माणूस. दाढी नाही, मिशी नाही, भुवया तर असून नसल्यासारख्या.

"नाही," तो म्हणाला.

"मला मिस्टर हिबर्ट—"

"मीच हिबर्ट. जोसाया हिबर्ट. हे असंच तोंड घेऊन जन्मलो, आणि हेच घेऊन मरणार. तुमचा नवरा इथे नाही बाई. भाऊही नाही, बापही नाही. तुमच्याआधी चौघी येऊन गेल्या. एकीने तर सोबत पोलीस आणला होता, मी तिचा नवरा तळघरात कोंडलाय म्हणून! पाचवी आत बसलीय. तुम्ही सहाव्या." मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचा आवाज उतरला. "लांबून आलात?"

"स्केलविकहून."

"समुद्रावरनं? अरे देवा. या, आत या. माझी बायको म्हणते, आता किटली चुलीवरून उतरवायचीच नाही."

स्वयंपाकघरात एक धिप्पाड बाई बसली होती, डोक्याला फुलाफुलांचं फडकं, समोर चहा, आणि चहाशेजारी तेच कात्रण. तिच्या हातांवर दोरांचे घट्टे होते. हिबर्टच्या बायकोने न विचारता केझायासमोर कप ठेवला आणि ती कपाळाला हात लावून मागच्या अंगणात निघून गेली.

"मी डॉर्कस पिम," धिप्पाड बाई म्हणाली. "कालव्यावर नाव चालवते. तुमचा बुडाला का पळाला?"

"बुडाला."

"बरंय तुमचं. माझा तंबाखू आणायला गेला."

हिबर्ट उभाच होता. त्याला बोलायचं होतं. एवढ्या दिवसांत गल्लीने त्याला बोलूच दिलं नसावं. "मी त्यांना काय सांगितलं होतं, ठाऊक आहे? ढेकर! ढेकर थांबले, एवढंच सांगितलं. कंपनीचा माणूस आला, गोड बोलणारा, पिवळे हातमोजे घातलेला. म्हणाला, दोन ओळी द्या, नाव छापून येईल. मला काय, बरं वाटलं. तोवर माझं नाव कशावर छापलं होतं? गेल्या महिन्यात इथला पेपर उघडतो तर हे! मी कोण, माझं नाव काय! आता कामावर रोज सकाळी विचारतात, काय हिबर्ट, आठवतंय का आज नाव?"

डॉर्कस हसली नाही. केझायाही नाही.

"आणि चित्र?" केझायाने विचारलं.

"तेच तर विचारायला मी त्यांच्या कचेरीत गेलो. म्हटलं, हा रेडा कोण माझ्या नावावर? तर तो मला छापखान्यात घेऊन गेला. खोकंभर ठसे, बाई. म्हातारी एक, तरुण बाई एक, पाद्री एक, दाढीवाला एक. प्रत्येकाचं चित्र कोण काढत बसणार? जो ठसा हाताला येईल तो लावायचा. हाच दाढीवाला मूळव्याधीच्या मलमाखाली टॉमस कुणीतरी म्हणून आहे. टकलाच्या तेलाखालीही हाच. मी दाखवतो तुम्हाला."

"नको," केझाया म्हणाली. "पण तो मुळात कोणावरून काढला?"

"कोणावरून नाही. कोरणाऱ्याने कोरला. दाढी कोरायला सोपी पडते म्हणे. हनुवटी जमली नाही तरी झाकून जाते."

हिबर्टने एक ढेकर दिला, मोठा, आणि शरमून मान खाली घातली. "दोनच आठवडे थांबले होते," तो पुटपुटला, आणि बायकोच्या मागे अंगणात गेला.

दोघी बायका टेबलाशी राहिल्या. डॉर्कसने आपलं कात्रण चिमटीत धरून उजेडात नेलं. "माझ्या नवऱ्याच्या ओठावर इथे व्रण होता. खेचराने लाथ मारलेली. चित्रात नाही, हे मला दिसलं होतं बरं का. मी काही आंधळी नाही. पण म्हटलं, एवढ्या दुखण्यांना चालणारं औषध, व्रण पण गेला असेल." तिने कात्रण टेबलावर टाकलं. "हसा, हसा."

"नाही हसत."

"तुमचा कसा होता दिसायला?"

केझायाने तोंड उघडलं.

"दाढी होती," ती म्हणाली.

"ती सगळ्या जगाला आहे. आणखी?"

"भुवई. डावी भुवई अशी—" आणि ती थांबली. चित्रातल्या भुवईवर तिचं लक्ष गेलं होतं. भाव ठरवताना रूबेन भुवई चढवायचा, हे तिला गुरुवारी आठवलं होतं. गुरुवारच्या आधी कधी आठवलं होतं का? तिने मागे जाऊन पाहिलं. रूबेनचे हात तिला दिसले, मिठाने चिरलेले. दाराशी काढून ठेवलेले बूट दिसले. पहाटे खोकायचा तो खोकला जसाच्या तसा ऐकू आला. होडीत बसून जाताना पाठ दिसली. ती पाठ वळली, आणि वळल्यावर तिथे हा होता, रेघारेघांचा, ताठ कॉलरचा, औषधवाला. तिने त्याला बाजूला सारून खालचा चेहरा शोधला. खाली काही नव्हतं.

"डोळे कुठल्या रंगाचे?" डॉर्कस विचारत होती.

"मला दिसत नाहीत."

"काय?"

"ते दिसत नाहीत मला. त्यांचं तोंड नाही आठवत."

डॉर्कसने तिच्याकडे टक लावून पाहिलं. चिडेल असं वाटलं, पण चिडली नाही. आपला चहा तिने बशीत ओतला, फुंकर मारली. "माझा पण तो व्रणच राहिलाय," ती म्हणाली. "बाकीचा माणूस कधी गेला ते कळलंच नाही."

परतीच्या गाडीत केझायाच्या समोर तीन पुरुष होते, तिघेही दाढीवाले. तिने एकेकाकडे पाहिलं. नाक, कपाळ, भुवया. यांतला कुणीही चालला असता. मधल्याने पेपर खाली केला आणि विचारलं, "काय बाई, ओळख आहे का आपली?"

"नाही," ती म्हणाली, आणि उरलेला वेळ तिने मान वर केली नाही.

घरी पोचली तेव्हा अजून उजेड होता. म्हातारी दाराबाहेर बाकावर बसली होती, अंगावर शाल, शेजारी अर्काची बाटली, निम्म्याच्या खाली गेलेली. पावलं ओळखून तिने मान उचलली.

"तो होता?"

"नाही, आई." केझाया तिच्याशेजारी बसली आणि तिने सगळं सांगितलं. टकला हिबर्ट, ढेकर, ठशांचं खोकं, आधीच्या चौघी, डॉर्कस. एकही गोष्ट गाळली नाही, आवाज चढला नाही की पडला नाही. आता ही म्हणेल की त्या सगळ्या बायका चुकल्या, मी आई आहे, याची केझाया वाट पाहत होती.

"असं," म्हातारी म्हणाली. मग शाल ओढून घेत: "पण खरंच तिथे रूबेन असता, तर तू ओळखलं असतंस ना?"

हो म्हणणं सोपं होतं. कुणीही हो म्हटलं असतं.

"नसतं ओळखलं," केझाया म्हणाली. "मला त्यांचं तोंडच आठवत नाही. मला माफ करा."

म्हातारीचे हात शालीवर पडले होते. तिने ते उचलून पुन्हा तिथेच ठेवले.

"मला तरी कुठे आठवतंय?" ती म्हणाली.

केझायाने तिच्याकडे पाहिलं.

"लहानपणचं आठवतं. गोवर निघाला होता तेव्हाचं. तोंडभर लाल, आणि खिदळत होता मेला. ते स्पष्ट दिसतं. मोठेपणचं गेलं. डोळ्यांबरोबर गेलं का आधीच, देव जाणे. रोज पडल्या पडल्या शोधते. गुरुवारी ते चित्र बघितलं, आणि नाव तोंडातून निघून गेलं. म्हटलं, बायको आहे, हिला आठवत असेल, ही नाही म्हणेल. आणि तू हो म्हणालीस."

"मी तुम्ही म्हणालात म्हणून म्हटलं, आई. तुम्ही आई, तुम्हाला ठाऊक असणार."

गल्लीत हन्ना क्रो बादली ओतून आत गेली. म्हातारीने बाटलीचं बूच काढलं, चमचा शोधला नाही, तशीच तोंडाला लावली, आणि मग सुनेपुढे केली. केझायाने एक घोट घेतला. घसा जळला.

"आता पुकारा?" केझायाने विचारलं.

"होऊ दे. मी नाही उठणार," म्हातारी म्हणाली. "हरकत घ्यायची तर परत कोण आलंय ते तरी ओळखता यायला हवं ना."

रविवारी चर्च खच्चून भरलं होतं. हेरिंग मासळीच्या हंगामात परगावच्या होड्या येतात. त्या वर्षी जरा जास्तच आल्या होत्या, आणि ते सगळे मागच्या बाकांवर आणि भिंतीला टेकून उभे होते, मिठाच्या वासाचे, टोप्या हातात घेतलेले. गाव मात्र म्हातारीकडे पाहत होतं. पान वर धरून ती कधी उठते, याच्यासाठी कित्येक जण वेळेआधी येऊन पुढच्या जागा धरून बसले होते.

पाद्रीबुवांनी पुकारलं. एनॉक ट्रॅटल्स, विधुर, आणि केझाया स्टॉर, विधवा. तिसरी आणि शेवटची वेळ. कुणाला या लग्नात काही अडचण ठाऊक असेल, तर त्याने आता सांगावं.

मग ते थांबले. थांबायची रीतच असते.

म्हातारी हलली नाही. सगळं चर्च श्वास धरून. आणि केझायाला वाटलं, मागे पाहावं. तिने पाहिलं. भिंतीशी उभे असलेले ते सगळे परके, ओळीने, दाढीवाले, उन्हाने रापलेले. काहींचं लक्ष पाद्रीकडे होतं, काहींचं जमिनीकडे. एक जण तिच्याकडे पाहत होता, परक्या गावच्या बाईकडे कुणीही पाहावं तसा. सात वर्षं घरी न आलेला माणूस यांच्यात उभा असला, आणि बोलावं की बोलू नये या विचारात असला, तर?

तिने एकेक चेहरा पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि तिला भीती वाटली. खरीखुरी भीती. सात वर्षांत तिला काही वाटलं ते हे पहिलं. तिने बाकाची कड घट्ट पकडली आणि ती रडायला लागली, मोठ्याने, अख्ख्या चर्चसमोर. एनॉकने उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. बायका एकमेकींच्या कानाला लागल्या की आनंदाने बिचारीला आवरेना. ती मात्र मागेच पाहत होती, डोळे पुसत, एकाकडून दुसऱ्याकडे, कुणीतरी बोलेल म्हणून.

कुणी बोललं नाही. पाद्रीबुवांनी पान उलटलं आणि भजन सांगितलं.